इंग्रजी कवितेचं पान कसं वाचावं: ओळ हलवून बघण्याची रीत

इंग्रजी कवितेवरच्या परीक्षेतल्या उत्तरांत एक वाक्य हमखास असतं: ‘कवितेच्या मांडणीमुळे आशय अधिक प्रभावी होतो.’ हे वाक्य कुठल्याही कवितेखाली खपतं, म्हणूनच त्याला किंमत नाही. मांडणीबद्दल काही म्हणायचं असेल तर एकच कसोटी लावा. ओळ जिथं तुटली आहे तिथून ती हलवा, दुसरीकडे तोडा आणि काय बदललं ते बघा. काहीच बदललं नाही तर त्या ओळीबद्दल गप्प बसलेलं बरं. बदललं असेल, तर जे बदललं तेच तुमचं उत्तर.

ही रीत सोलापुरात बीए-एमएला इंग्रजी घेतलेल्यांसाठी आहे, वाचनालयात कवितावाचनाचं मंडळ चालवणाऱ्यांसाठी आहे आणि कॉलेजच्या भित्तिपत्रकावर कविता लावणाऱ्यांसाठीही आहे. एका मध्यम लांबीच्या कवितेला तासभर धरा. सामान थोडकं लागतं: कवितेची एका बाजूला छापलेली प्रत, बटर पेपरचा तुकडा, १५ सेंटिमीटरची पट्टी, पेन्सिल आणि दोन रंगांची पेनं.

आपण अडखळतो कुठं

मराठी वाचकाचा कान तयार असतो, डोळा तितका नसतो. पोथीत ओवी या समासापासून त्या समासापर्यंत सलग छापलेली असते. ती कुठं संपली हे दंडावरून कळतं. अभंगाचे चार चरण दोन ओळींत छापा नाहीतर चार ओळींत, सहा-सहा-सहा-चार अक्षरांची मोजणी आणि यमक कानाला सापडतंच. कागदावर ओळ कुठं मोडली यावर अर्थ फारसा अवलंबून नाही. ही सवय घेऊन विसाव्या शतकातली इंग्रजी मुक्तछंदातली कविता वाचायला बसलं की ती ‘तोडून लिहिलेलं गद्य’ वाटते. तिथं यमक नाही, अक्षरांची मोजणी नाही. ओळ संपली हे सांगणारी एकच खूण उरते, ती म्हणजे उजवीकडची कोरी जागा.

इंग्रजीतही सुरुवातीला आपल्या पोथीसारखंच होतं. ‘बेओवुल्फ’ या जुन्या इंग्रजीतल्या दीर्घकाव्याचं सुमारे हजार वर्षांपूर्वीचं हस्तलिखित ब्रिटिश लायब्ररीत आहे आणि त्यात कविता गद्यासारखी सलग लिहिलेली आहे. आजच्या पुस्तकांत तिच्या प्रत्येक ओळीच्या मधोमध जी फट दिसते ती पुढच्या काळातल्या संपादकांनी घातली. त्या फटीवर ‘कवीनं इथं मौन योजलं’ असं कुणी लिहिलं, तर तो संपादकाच्या सोयीला कवीची प्रतिभा म्हणतो आहे.

सोलापूरच्या वर्गात आणखी एक गोष्ट घडते. एका बाकावर मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू घरांतली मुलं बसतात, आणि या चारही लिप्यांत कॅपिटल अक्षर हा प्रकारच नाही. त्यामुळे प्रत्येक ओळीचं पहिलं अक्षर मोठं आहे की छोटं, ‘मी’साठीचा ‘आय’ मुद्दाम छोटा लिहिला आहे का, याकडे नजर सहज जात नाही. ती मुद्दाम वळवावी लागते. जुन्या इंग्रजी कवितेत वाक्य सुरू होवो न होवो, प्रत्येक ओळ कॅपिटलनं सुरू होते. तो छपाईचा रिवाज, त्याचा अर्थ लावत बसू नये. विसाव्या शतकात अनेकांनी हा रिवाज सोडला. त्यानंतरच्या कवितेत मधूनच एखादी ओळ कॅपिटलनं सुरू झाली तर तिथं बोट ठेवा.

पहिलं काम: समोरचं पान कवीचंच आहे ना?

सगळ्यात जास्त घोटाळे इथं होतात, आणि पुढची सगळी मेहनत त्यामुळे वाया जाते.

कविता मोबाइलवर असेल तर फोन आडवा करा. ज्या ओळींची लांबी बदलली त्या ओळी पडद्यानं तोडल्या होत्या, कवीनं नव्हे. फोन उभा असताना लांब ओळीचा शेवटचा शब्द खाली घसरतो आणि एकटा पडतो. मग ‘हा एकटा शब्द एकाकीपण दाखवतो’ अशी वाक्यं उत्तरात येतात. व्हॉट्सअॅपवर फिरत आलेली कविता तर या कामाला वापरूच नका. चार ठिकाणी कॉपी-पेस्ट होताना समासापासून आत घेतलेल्या ओळी समासाला चिकटतात, कडव्यांमधल्या मोकळ्या ओळी गळतात. वेबपानाचीही हीच गत असते. लागोपाठच्या अनेक स्पेस ब्राउझर एकच समजतो, म्हणून पानभर विखुरलेले शब्द एका रांगेत येऊन उभे राहतात.

झेरॉक्सचा दोष वेगळा आहे. जाड पुस्तक काचेवर नीट दबलं नाही की शिवणीकडची बाजू काळी पडते आणि डाव्या पानाच्या ओळींची शेपटं किंवा उजव्या पानाच्या ओळींची तोंडं खाल्ली जातात. उजव्या पानावर तर कुठली ओळ आत घेतलेली होती हेच कळेनासं होतं. दुकानात एकेक पान वेगळं, शिवण दाबून काढायला सांगा. प्रत लहान-मोठी केली तरी बिघडत नाही, कारण प्रमाण तेच राहतं. समास कापला गेला तर मात्र बिघडतं.

गाइडं दोन रकान्यांत छापलेली असतात. अर्ध्या पानाच्या रकान्यात दहा सिलॅबलची (सिलॅबल म्हणजे शब्दातला एका झटक्यात उच्चारला जाणारा तुकडा) ओळ मावतेच असं नाही. मग ती मोडून खाली येते. शंका आली तर ओळींचे आकडे बघा. चांगल्या आवृत्तीत दर पाचव्या किंवा दहाव्या ओळीला आकडा असतो. तुमची मोजणी आणि तो आकडा जुळत नसेल तर कुठंतरी एक ओळ दोन झाली आहे.

आणि मग संपादक. शेक्सपिअरची सुनीतं, म्हणजे चौदा ओळींच्या कविता, १६०९ साली छापली गेली तेव्हा चौदा ओळी सलग होत्या. कडव्यांमध्ये मोकळी जागा नव्हती, फक्त शेवटच्या दोन ओळी आत घेतलेल्या होत्या. चार-चार-चार-दोन अशा फटी पाडून छापलेलं सुनीत क्रमिक पुस्तकात दिसलं, तर त्या फटी शिकवण्याच्या सोयीच्या आहेत. उलट, जे मुळात होतं ते नाहीसं झाल्याचंही उदाहरण शेक्सपिअरच्या याच सुनीतांत आहे. १२६व्या सुनीताला बाराच ओळी आहेत, आणि १६०९च्या छपाईत त्याखाली दोन रिकामे कंस छापले आहेत, जणू तेराव्या-चौदाव्या ओळीची जागा राखून ठेवली आहे. ते कवीचे की छापखान्याचे यावर वाद आहे, पण बऱ्याच आधुनिक आवृत्त्या ते गुपचूप गाळतात. हिशेब चुकता होण्याबद्दल बोलणारी कविता, आणि खाली दोन रिकाम्या जागा! असे कंस पाहिलेल्या वाचकाची त्या कवितेकडे बघण्याची नजर वेगळीच होते.

एमिली डिकिन्सनचं प्रकरण याहून अवघड आहे. तिच्या जवळपास अठराशे कवितांपैकी हयातीत छापल्या गेल्या त्या मोजक्याच. १८९०च्या पहिल्या संग्रहात संपादकांनी तिच्या डॅशच्या जागी नेहमीची विरामचिन्हं घातली आणि काही ठिकाणी शब्दही सारखे केले. डॅश परत आले ते १९५५च्या आवृत्तीत. म्हणून तिच्या कवितेवर लिहिताना आवृत्तीचं साल आधी बघायचं. १८९०चा मजकूर घेऊन तिच्या स्वल्पविरामांवर भाष्य करणं म्हणजे संपादकांवर भाष्य करणं. तिच्या हस्तलिखितांत कागद लहान असल्यानं एक ओळ दोन ओळींत उतरलेली दिसते. त्या तुटी मुद्दाम की जागेअभावी, यावर अभ्यासकांत आजही एकमत नाही. परीक्षेत त्या वाटेला जाऊ नका.

दुसरं काम: शब्द झाका, आकार बघा

प्रतीवर बटर पेपर ठेवा. प्रत्येक ओळ जितकी लांब तितकी पेन्सिलीची आडवी रेघ ओढा, अक्षरं लिहू नका. कागद उचलून हातभर लांब धरा. आता पाच गोष्टी टिपा: सगळ्यात लांब रेघ कुठली, सगळ्यात आखूड कुठली, डावा समास कुठं आत सरकतो, मोकळ्या जागा कुठं आहेत, आणि ठरलेला नमुना कुठं मोडतो. पाचवी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. सात कडवी सारखी आणि आठव्यात एक ओळ कमी असेल, तर वाचनाची सुरुवात आठव्यापासून करा.

आकार चटकन दिसणाऱ्या कवितांतच विद्यार्थी फसतात, कारण ‘पंखासारखी दिसते’ एवढं म्हटलं की काम संपलं असं वाटतं. जॉर्ज हर्बर्टची ‘ईस्टर विंग्ज’ घ्या. १६३३च्या ‘द टेंपल’मध्ये ती समोरासमोरच्या दोन पानांवर आडवी छापली होती, पुस्तक फिरवलं की पंखांच्या दोन जोड्या दिसत. आजच्या पुस्तकांत ती बहुधा उभीच असते, मग पंखांऐवजी वाळूचं घड्याळ दिसतं. पहिली दुरुस्ती हीच: प्रत नव्वद अंशांत फिरवा.

आता मोजा. पहिल्या कडव्याच्या दहा ओळींतले सिलॅबल असे उतरतात आणि चढतात: १०, ८, ६, ४, २ आणि मग २, ४, ६, ८, १०. म्हणजे आकार वरून चिकटवलेला नाही. छंदच आटत जातो आणि पुन्हा भरत येतो. सगळ्यात आखूड, दोन सिलॅबलची पाचवी ओळ काय म्हणते? ‘मोस्ट पूअर’. माणसाचं वैभव गेलं, गेलं, आणि जिथं तो अगदी कंगाल झाला तिथं ओळीकडेही दोनच सिलॅबल उरले. लगेच सहावी ओळ, तीही दोनाचीच: ‘विथ दी’, म्हणजे तुझ्यासोबत. देवाचं नाव न घेता केलेलं हे संबोधन बरोबर सांध्यावर येतं आणि तिथून ओळी पुन्हा लांब होऊ लागतात. दुसऱ्या कडव्याची पाचवी ओळ ‘मोस्ट थिन’ आहे, आणि ती खरोखरच कृश आहे.

आता कसोटी. ‘मोस्ट पूअर’ चौथ्या ओळीला जोडून टाका. अर्थ कोशातला तोच राहतो, पण घसरणीचा तळ नाहीसा होतो. उत्तरात लिहायचं ते हे. पंखाचा उल्लेख एका वाक्यात उरका.

तिसरं काम: कवितेचं गद्य करा

सगळ्या ओळी जोडून, विरामचिन्हं तशीच ठेवून, एक परिच्छेद लिहून काढा. हातानं लिहा, टाइप करताना बोटं आपोआप पुढं जातात आणि थांबे लक्षात येत नाहीत. नंतर गद्य आणि कविता शेजारी ठेवून विचारा: गद्यात कुठला शब्द हरवला?

विल्यम कार्लोस विल्यम्सची लाल ढकलगाडीची कविता या कामाला उत्तम. १९२३ साली ती पुस्तकात आली तेव्हा तिला नाव नव्हतं, नुसता २२ हा आकडा होता. एकूण शब्द १६, ओळी ८, कडवी ४. प्रत्येक कडव्यात वर तीन शब्द, खाली एक. गद्य केलं तर एक साधं वाक्य होतं: पावसानं चकाकणाऱ्या लाल ढकलगाडीवर, पांढऱ्या कोंबड्यांशेजारी, बरंच काही अवलंबून आहे. कुणीही म्हणेल, बरं मग?

तुटी बघा. ‘व्हील’ वर आहे आणि ‘बॅरो’ खाली. ‘रेन’ वर, ‘वॉटर’ खाली. हे जोडशब्द आपण एका दमात वाचतो आणि त्यातले भाग बघतच नाही. इथं ‘अ रेड व्हील’ वाचताना डोळ्यासमोर लाल चाक येतं. पुढच्या ओळीत त्याची गाडी होते. ‘ग्लेझ्ड विथ रेन’ म्हणताना पाऊस, मग त्याचं पाणी. ‘बिसाइड द व्हाइट’ म्हणताना नुसता पांढरा रंग, मग कोंबड्या. वस्तू एकदम समोर येत नाही, तुकड्यातुकड्यानं जुळते. आता ‘व्हीलबॅरो’ एका ओळीत लिहा: चाक नाहीसं. ‘व्हाइट चिकन्स’ एकत्र लिहा: रंग कोंबड्यांना चिकटून जातो. शिवाय पहिल्या कडव्यात ‘अपॉन’ एकटा खाली लटकतो. कशावर अवलंबून, हे कळायला पुढच्या कडव्यापर्यंतची मोकळी ओळ ओलांडावी लागते.

एक इशारा. ‘प्रत्येक कडवं ढकलगाडीसारखं दिसतं’ हे वाक्य सगळीकडे वाचायला मिळतं. वर लांब, खाली आखूड, म्हणून दिसतही असेल. पण कसोटी लावली तर त्यातून निघणारा अर्थ फारच थोडा आहे, त्यावर अर्धं पान खर्च करू नका.

चौथं काम: ओळ हलवा

हे हाताला बसावं म्हणून आधी कवितेबाहेरचं एक साधं वाक्य घ्या. पॉवरलूमच्या कारखान्यातलं: द नाइट शिफ्ट लेफ्ट द लाइट्स ऑन अँड द लूम्स वॉर्म. रात्रपाळीवाल्यांनी दिवे चालू आणि माग गरम ठेवले. तेच शब्द, चार मांडण्या.

पहिली:

द नाइट शिफ्ट लेफ्ट द लाइट्स ऑन
अँड द लूम्स वॉर्म.

ही वाक्याच्या सांध्यावर तुटते. काही बिघडत नाही, काही घडतही नाही.

दुसरी:

द नाइट शिफ्ट लेफ्ट
द लाइट्स ऑन
अँड द लूम्स वॉर्म.

पहिली ओळ एकटी वाचली तर रात्रपाळी निघून गेली. क्षणभर कारखाना रिकामा होतो. दुसरी ओळ येते आणि कळतं की वाक्य संपलं नव्हतं. दिवे मागे राहिले आहेत. गेल्याचा अर्थ पुसला जात नाही, तो खाली तसाच राहतो. शब्द एकही न बदलता वाक्याला दोन अर्थ मिळाले, आणि दोन्ही खरे आहेत. अशा ओळीला एंजॅम्बमेंट म्हणतात. पण नाव लिहून गुण मिळत नाहीत, दोन अर्थ कुठले ते लिहून मिळतात.

तिसरी:

द नाइट शिफ्ट लेफ्ट द
लाइट्स ऑन अँड द
लूम्स वॉर्म.

नवशिके कवी असं फार करतात, ‘आधुनिक’ दिसतं म्हणून. ओळीच्या शेवटी वजन पडतं आणि इथं ते ‘द’वर पडलं, ज्याला स्वतःचं वजन नाही. एवढं खरं की ‘लाइट्स’ आणि ‘लूम्स’ ओळीच्या तोंडाशी आले आणि ठळक झाले. प्रसिद्ध कवितेत अशी तूट दिसली तर लगेच वाईट म्हणू नका. पुढच्या ओळीच्या पहिल्या शब्दाला काय मिळालं ते बघा.

चौथी:

द नाइट शिफ्ट लेफ्ट
द लाइट्स ऑन

अँड द लूम्स

　　　　　　　　वॉर्म.

‘अँड द लूम्स’पाशी वाचक थांबतो आणि मनात पुढचा शब्द भरतो: चालू? बंद? मग उजवीकडे, खाली, ‘वॉर्म’. हा शब्द अपेक्षेत नव्हता. मोकळी जागा इथं थांबायला लावते, पण तिचा खरा उपयोग वाचकाला चुकीचा अंदाज करू देण्यात आहे.

आता हीच नजर मिल्टनवर न्या. ‘पॅराडाइज लॉस्ट’ची पहिली ओळ ‘फ्रूट’ शब्दावर संपते आणि दुसरी ‘ऑफ दॅट फॉरबिडन ट्री’ अशी सुरू होते. पहिल्या ओळीपुरतं ‘फ्रूट’ म्हणजे आज्ञाभंगाचं फळ, परिणाम. दुसऱ्या ओळीत ते झाडावरचं खरंखुरं फळ होतं. ‘अँड द फ्रूट’ हे शब्द खाली ढकलून दुसरी ओळ तिथून सुरू केली तर पहिला अर्थ मावळतो. १६६७ साली हा ग्रंथ निघाला तेव्हा बिनयमकाची इतकी लांब कविता वाचकांना चमत्कारिक वाटली, आणि पुढच्याच वर्षी पुस्तकाला छंदाबद्दलचा खुलासा जोडावा लागला. यमक नसलेला हा छंद ‘फक्त डोळ्यापुरता पद्य’ असतो असा टोमणा अठराव्या शतकातले समीक्षक डॉ. जॉन्सन यांनी मिल्टनच्या चरित्रात एका टीकाकाराच्या नावावर नोंदवला आहे. मिल्टननं मात्र हे काव्य आंधळा झाल्यावर, तोंडानं सांगून लिहवून घेतलं. डोळ्याची कविता आणि कानाची कविता या दोन वेगळ्या जाती नाहीत, हे यावरून ध्यानात घ्यावं.

सरावासाठी सर्वांत चोख कविता ग्वेंडोलिन ब्रुक्सची ‘वी रिअल कूल’. शाळा सोडून पूल (बिलियर्ड्ससारखा टेबलावरचा खेळ) खेळणारी सात पोरं बोलतात. आठ ओळी, तीन-तीन शब्दांची आठ वाक्यं, प्रत्येक वाक्य ‘वी’नं सुरू. पण कवयित्रीनं पहिला ‘वी’ सोडून बाकीचे सगळे आधीच्या ओळीच्या शेवटी नेऊन ठेवले आहेत. हे ‘वी’ खालच्या ओळींच्या सुरुवातीला आणून लिहा. कविता छाती काढून चालणारी घोषणा होते, यमकं ओळीच्या शेवटी टाळी देतात. मूळ मांडणीत यमक ओळीच्या पोटात दबतं आणि शेवटी ‘आम्ही’ अधांतरी राहतो, पुढं काय म्हणावं ते सुचत नसल्यासारखा. सात ओळी अशा संपतात. आठव्या ओळीत ‘डाय सून’ हे मरणाचे दोन शब्द येतात आणि तिच्या शेवटी ‘वी’ नाही. तुमच्या बदललेल्या प्रतीत आठही ओळी सारख्या तीन शब्दांच्या झाल्या आहेत, त्यामुळे ही उणीव दिसतच नाही. मूळात टोळीच संपल्याचं डोळ्याला दिसतं.

अक्षरापर्यंत तुटलेली कविता

ई. ई. कमिंग्जच्या काही कविता मोठ्यानं वाचताच येत नाहीत. १९५८च्या संग्रहातल्या एका कवितेत ‘लोनलीनेस’ या शब्दाच्या पोटात, कंसात, पान गळण्याचं छोटं वाक्य कोंबलं आहे आणि सगळं मिळून नऊ ओळींत उभं उतरवलं आहे. काही ओळींत दोनच अक्षरं. इथं काम उलटं करा: आधी कंसातलं वेगळं लिहा, मग बाहेरचं, मग दोन्ही पुन्हा एकात घाला. एक ओळ नुसत्या छोट्या ‘एल’ची आहे. बऱ्याच जुन्या टाइपरायटरवर छोटा ‘एल’ आणि एकचा आकडा एकाच कळीवर असत, म्हणून तिथं अक्षराऐवजी ‘एक’ही दिसतो, त्याच्या वरच्याच ओळीत शब्दाचा ‘वन’ हा तुकडा आहे. कॉम्प्युटरनं तो ‘एल’ आपोआप कॅपिटल केला की हे सगळं गेलं.

जवळचं उदाहरण हवं तर अरुण कोलटकरांच्या ‘जेजुरी’त आहे. १९७६ साली आलेला हा इंग्रजी संग्रह, त्याला पुढच्या वर्षी कॉमनवेल्थ पोएट्री प्राइझ मिळालं. देवळातून स्टेशनकडे परतताना ज्वारीच्या शेतात कोंबडे-कोंबड्या उड्या मारताना दिसतात आणि तिथं पानावरचे शब्दच वर-खाली विखुरतात. कोलटकर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले, जाहिरातीच्या धंद्यात आर्ट डायरेक्टर म्हणून नावाजलेले. पान कसं हलवायचं हे त्यांना ठाऊक होतं. वाचताना एक बघा: या संग्रहात बाकी ठिकाणी ओळी किती शिस्तीत, आखूड आणि समासाला धरून आहेत. देवळात जे हललं नाही ते शेतात हललं. विखुरलेल्या शब्दांचा अर्थ त्या पानावर जेवढा आहे तेवढाच आधीच्या सरळ पानांमुळे आहे. मंगळवेढ्याकडे ज्वारीची रानं बघितलेल्या माणसाला हे चित्र समजावून सांगावं लागत नाही, म्हणून वर्गात सुरुवात याच कवितेनं करावी.

मोठ्यानं वाचताना

मंडळात वाचत असाल तर दोघांना द्या. एकानं फक्त विरामचिन्हाला थांबायचं, दुसऱ्यानं फक्त ओळीच्या शेवटी. बाकीच्यांनी दोघांचे थांबे वेगवेगळ्या रंगांनी प्रतीवर मारायचे. दोन रंग एकाच जागी पडले तिथं काही विशेष नाही. फक्त ओळीच्या शेवटाचा रंग पडला, ती जागा तपासायची. ओळीच्या शेवटी पूर्णविरामासारखं थांबू नये; स्वल्पविरामाच्या निम्म्यानं, आवाज खाली न टाकता. आवाज पडला की वाक्य संपल्यासारखं वाटतं आणि पुढच्या ओळीची कलाटणी मरते. हा दोष आपल्याकडे सर्रास आहे, कारण चरणाच्या शेवटी सूर खाली आणायची सवय पाठांतरातून लागते.

उत्तरपत्रिकेत

तीन ओळींपर्यंतचा उतारा वाक्यातच घ्या. ओळ तुटते तिथं तिरकी रेघ, कडवं तुटतं तिथं दोन तिरक्या रेघा. त्याहून लांब असेल तर खाली वेगळा, समास सोडून, मूळ तुटींसकट उतरवा. ओळ उत्तरपत्रिकेत मावली नाही तर उरलेला भाग खाली बराच आत घेऊन लिहा. विधानाचा साचा असा ठेवा: ओळ अमुक शब्दावर तुटते, त्यामुळे क्षणभर असा अर्थ होतो, पुढची ओळ तो असा बदलते, तूट तमुक ठिकाणी असती तर हे झालं नसतं. एका कवितेत अशा दोन जागा पुरतात. प्रत्येक ओळीवर काही ना काही म्हणायला गेलं की ओढाताण दिसते.

भित्तिपत्रकावर किंवा अंकात लावताना

डीटीपीवाल्याला पहिली सूचना: कविता सेंटर करायची नाही. लग्नपत्रिकेच्या सवयीनं कविता मधोमध घेतली जाते आणि डावा समास, ज्यावरून आत घेतलेली ओळ ओळखायची, तोच जातो. जस्टिफायही नको, त्यानं शब्दांमध्ये कवीनं न ठेवलेल्या फटी पडतात. डावीकडे सरळ लावा, सगळ्यात लांब ओळ मोजा आणि अख्खा ठोकळा पानाच्या मध्याकडे सरकवा.

अक्षर अंकात ११ पॉइंट, ओळींमधलं अंतर १४ ते १५. भित्तिपत्रकावर दोन मीटरवरून वाचायचं असेल तर २४च्या खाली जाऊ नका. कडव्यांमध्ये पूर्ण एक ओळ मोकळी. ओळ मावत नसेल तर अक्षर एक-दीड पॉइंटनं कमी करा. तरीही मोडलीच तर उरलेला तुकडा कवीच्या सगळ्यात मोठ्या इंडेंटपेक्षा (ओळ समासापासून जितकी आत घेतली त्या अंतरापेक्षा) जास्त आत घ्या, म्हणजे तो वेगळी ओळ वाटणार नाही. आत घेण्यासाठी स्पेस बार वापरू नका, टॅब वापरा. फाँट बदलला की स्पेसची रुंदी बदलते आणि एकाखाली एक आलेली अक्षरं सरकतात. टाइपरायटरवर रचलेल्या कवितांना कुरिअरसारखा समान रुंदीचा फाँट लागतो. टाइप करण्याआधी ऑटोकरेक्टमधलं आपोआप कॅपिटल करणं बंद करा, नाहीतर प्रत्येक एंटरनंतर पहिलं अक्षर मोठं होत राहील.

कडवं नेमकं पानाच्या तळाशी संपलं तर पुढच्या पानावर नवं कडवं आहे की तेच चालू आहे, हे वाचकाला कळत नाही. दोन ओळी पुढं ढकला, म्हणजे कडव्याच्या मधेच पान तुटेल आणि संशय राहणार नाही. शेजारी मराठी अनुवाद लावणार असाल तर ओळीला ओळ जुळवायचा हट्ट धरू नका. मराठीत क्रियापद वाक्याच्या टोकाला जातं, त्यामुळे इंग्रजी ओळ ज्या शब्दावर अडते तो मराठीत भलतीकडे असतो. अनुवादकानं अडण्याची जागा सांभाळावी, शब्दांचा क्रम सोडावा.

प्रूफ आलं की ते मूळ पानाच्याच मापात काढून घ्या, दोन्ही कागद एकमेकांवर ठेवा आणि खिडकीच्या काचेवर धरा. डावा समास, इंडेंट आणि कडव्यांच्या फटी एकावर एक बसल्या पाहिजेत. उजवीकडची टोकं फाँटमुळे थोडी मागेपुढे होतील, ती चालतात. डावीकडे सरकलं असेल तर टॅब तपासा, आणि खाली-वर सरकलं असेल तर कडव्यामधली मोकळी ओळ कुठंतरी गळली आहे.